धुऱ्याआडची गाडी

दिवाळीच्या सुमारास बीबीच्या शिवारात सोयाबीन निघून गेलेलं असतं आणि तूर उभी असते. पावसाळाभर सलग हिरवं दिसलेलं रान एकदम उघडं पडतं. काळ्या मोकळ्या जमिनीत तुरीची तासं तेवढी माणसाच्या डोक्यावर गेलेली. त्यांच्या कोवळ्या शेंगांवर रोही आणि रानडुकरं तुटून पडतात, म्हणून घरटी कुणी ना कुणी जागलीला जातं. हाकारून जनावर पळवणं सोपं असतं. ते कुठल्या धुऱ्यावरून आत शिरतं हे शोधायचं असेल तर मात्र तुरीच्या आडोशाला मुकाट बसावं लागतं. पाय अवघडले तरी बदलायचे नाहीत, विडी पेटवायची नाही, खोकला गिळायचा. उभ्या माणसाकडे रोही पुष्कळदा दुर्लक्ष करतो. हलणारा माणूस त्याला दोन शेतांपलीकडून कळतो.

या जागलीची आठवण मला भाच्याच्या लॅपटॉपसमोर झाली. सुट्टीत तो आमच्याकडे आला होता आणि पडद्यावर एका झुडपामागे त्याची इवलीशी जर्मन गाडी उभी होती. पलीकडच्या उतारावर शत्रूच्या दोन गाड्या दिसत होत्या, तोफेचं वर्तुळ त्यांच्यावर स्थिर होतं, आणि हा पोरगा गोळा मारत नव्हता.

“काऊन थांबला रे?” मी विचारलं.

“दोघं आहेत ना मामा. एकाला मारीन, तेवढ्यात दुसरा मला पाहीन. तो वळू द्या.”

तो वळला, तेव्हा गोळा सुटला. नंतर आठ दिवस मी त्याच्या शेजारी बसून हा खेळ पाहिला, थोडा खेळलो, आणि मग त्या गाडीमागचा खरा इतिहास वाचत गेलो. हे प्रकरण त्यातून आलं आहे.

खेळाचं नाव ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’. बेलारूसच्या मिन्स्क शहरात १९९८ साली सुरू झालेल्या वॉरगेमिंग या कंपनीने तो २०१० साली रशियात आणि २०११ साली युरोप-अमेरिकेत आणला. संगणकावरच्या मूळ खेळात पंधरा विरुद्ध पंधरा गाड्या असतात आणि लढाई जास्तीत जास्त पंधरा मिनिटं चालते. २०१४ साली त्याचं मोबाइलवरचं रूप आलं, ‘ब्लिट्झ’. त्यात सात विरुद्ध सात असतात. गाड्यांच्या पायऱ्या केलेल्या आहेत, त्यांना खेळाडू टियर म्हणतात. नवा माणूस पहिल्या टियरवरून सुरुवात करतो आणि लढायांतून मिळणाऱ्या अनुभवाच्या गुणांवर एकेक गाडी उघडत वर चढतो. मूळ खेळात गाड्यांचे प्रकार पाच आहेत: हलके, मध्यम आणि जड रणगाडे, दूरवरून उखळी मारा करणाऱ्या तोफगाड्या, आणि आपला विषय असलेल्या टँक डिस्ट्रॉयर. खेळाडू त्यांना नुसतं टीडी म्हणतात, मीही तेच म्हणतो. लष्करी मराठीतला ‘रणगाडाविध्वंसक’ हा शब्द या गाड्यांना शोभत नाही, कारण खालच्या टियरची टीडी दिसायला विध्वंसक अजिबात नसते. ट्रॅक्टरवर तोफ ठेवून तिच्यापुढे पत्रा ठोकावा, तशी ती दिसते.

आणि ती खरोखरच तशी बनली होती. जर्मनांची ‘पान्झरयेगर १’ ही खेळात दुसऱ्या टियरवर मिळते. १९४० साली जर्मनीकडे पहिल्या पिढीचे हलके रणगाडे भरपूर होते, पण त्यांत नुसत्या मशीनगनी होत्या आणि युद्धात ते निरुपयोगी ठरू लागले होते. दुसरीकडे चेकोस्लोव्हाकिया गिळल्यामुळे स्कोडा कारखान्याच्या ४७ मिलिमीटरच्या उत्तम तोफा हाती आल्या होत्या. मग त्या हलक्या रणगाड्याचा बुरूज काढून टाकला, त्या जागी चेक तोफ बसवली आणि पुढून-बाजूंनी पत्र्याचा आडोसा केला. वर छप्पर नाही. आत तीन माणसं. पत्रा जेमतेम चौदा मिलिमीटर, म्हणजे रायफलची गोळी अडवण्यापुरता. अशा सुमारे दोनशे गाड्या झाल्या आणि त्या फ्रान्सपासून उत्तर आफ्रिकेपर्यंत लढल्या. पुढे याच रीतीने दुसऱ्या पिढीच्या रणगाड्यावर ७५ मिलिमीटरची तोफ बसवून ‘मार्डर २’ केली, तीही खालच्याच टियरवर भेटते.

रणगाडा बांधताना तीन गोष्टी एकमेकींशी भांडतात: तोफ, चिलखत आणि वेग. तोफ मोठी केली की तिचा धक्का सोसायला बुरूज मोठा लागतो, बुरूज मोठा झाला की त्याला झाकायला जाड पोलाद लागतं, पोलादाचं वजन ओढायला मोठं इंजिन लागतं, आणि इंजिनाला पुन्हा झाकायला आणखी पोलाद. बहुतेक टीडीवाल्यांनी हे भांडण मधूनच तोडलं. बुरूज काढून टाकला. त्यामुळे लहानशा सांगाड्यावर मोठी तोफ मावली. बदल्यात तोफ सगळीकडे फिरेनाशी झाली. डावी-उजवीकडे थोडे अंश, त्यापलीकडे वळायचं तर अख्खी गाडी वळवायची. बगलेला आलेला शत्रू म्हणूनच टीडीचा काळ असतो, खेळातही आणि खऱ्या युद्धातही.

या तडजोडीचा सगळ्यात विलक्षण नमुना इंग्रजांचा ‘आर्चर’. व्हॅलेंटाइन रणगाड्याच्या चिमुकल्या सांगाड्यावर त्यांना सतरा पौंडी ही लांबलचक तोफ बसवायची होती. पुढे तोंड करून ती बसेना, म्हणून मागच्या बाजूला तोंड करून बसवली. आर्चरचा चालक लढाईच्या जागी गाडी उलटी लावायचा, तोफ डागून झाली की सरळ पुढच्या गिअरमध्ये निघून जायचा. रचनेतली अडचण म्हणून जे झालं, ते दबा धरून मारणाऱ्या गाडीला सोयीचं ठरलं. एकट्या या गाडीवरून टीडीचा स्वभाव समजतो: येताना सावकाश, जाताना ताबडतोब.

आता लपण्याबद्दल. माझ्या मते या खेळातली सर्वांत बुद्धिमान रचना हीच आहे.

पडद्यावर एखादी शत्रूची गाडी दिसत नाही, याचा अर्थ ती धूसर आहे किंवा रंगात मिसळून गेली आहे असा नाही. ती तुमच्या संगणकाला पाठवलेलीच नसते. कोण कुणाला दिसतं याचा हिशेब मधला सर्व्हर करतो. प्रत्येक गाडीला नजरेचा पल्ला असतो आणि प्रत्येक गाडीला लपण्याचा टक्का असतो. समजा, शत्रूचा पल्ला ३५० मीटर आहे आणि तुमचा लपण्याचा टक्का ४०. पन्नास मीटरच्या आत कुणीही लपू शकत नाही, असा नियम आहे, म्हणून ३५० मधून ते ५० वजा करायचे. राहिले ३००. त्यांचे ४० टक्के म्हणजे १२०. पल्ल्यातून हे १२० काढले की उरतात २३०. म्हणजे शत्रू २३० मीटरवर येईपर्यंत त्याला तुम्ही दिसत नाही. आता मध्ये एक दाट झुडूप आलं आणि टक्का ७० झाला, तर तेच अंतर १४० मीटरवर येतं. जागा तीच, गाडी तीच, पण पलीकडच्या गाडीला आणखी नव्वद मीटर आंधळेपणाने चालत यावं लागतं, आणि त्या नव्वद मीटरांत टीडीचे दोन-तीन गोळे निघून जातात.

हालचाल केली की टक्का घसरतो. तोफ डागली की आणखी घसरतो, आणि तोफ जितकी मोठी तितका जास्त. छोट्या, ठेंगण्या, खालच्या टियरच्या टीडींचा टक्का मुळातच चांगला असतो आणि त्यांच्या तोफाही बेताच्या असतात, म्हणून लपण्याच्या बाबतीत त्या मोठ्या टीडींपेक्षा श्रीमंत आहेत. गाडीवर लावायची जाळी आणि दुर्बीण ही दोन साधनं सुरुवातीलाच मिळवण्याजोगी आहेत. दोन्ही गाडी पूर्ण थांबल्यावर तीन सेकंदांनीच काम करू लागतात. नवा खेळाडू दर चार-पाच सेकंदांनी गाडी उगीच पुढे-मागे हलवतो आणि दोन्ही साधनं वाया घालवतो. जागलीवरचा नवखा पोरगाही असाच दर मिनिटाला मांडी बदलतो.

पंधरा मीटरचा नियम मात्र शिकवावा लागतो, आपला आपण सुचत नाही. झुडपाच्या पंधरा मीटर आत आलात की तुम्हाला त्याच्या पानांतून आरपार दिसू लागतं. नवा माणूस खूश होऊन तिथूनच गोळा मारतो आणि त्याच क्षणी त्या झुडपाचं बहुतेक संरक्षण नाहीसं होतं. जाणता खेळाडू शत्रूला पाहून घेतो, मग गाडी पंधरा मीटरांहून थोडी मागे नेतो. आता झुडूप त्यालाही भिंतीसारखं दिसतं, स्वतःच्या नजरेने पलीकडचं काही कळत नाही. पण पुढे गेलेला त्याच्या बाजूचा एखादा हलका रणगाडा शत्रूला पाहत असेल, तर त्याची खूण याच्याही पडद्यावर उमटते. त्या खुणेवर तो तोफ डागतो, आणि झुडूप त्याला सोडून जात नाही. म्हणजे टीडीचा डोळा दुसऱ्याच्या गाडीत असतो. आपण मागे बसून गोळे मारत असताना पुढे कुणीतरी जिवावर उदार होऊन फिरत असतं, हे विसरणाऱ्या टीडीवाल्यांचा खेळाडूंना राग येतो, आणि तो रास्त आहे. पुढचे सगळे डोळे मेले की झुडपामागची उत्तम टीडी नुसती आंधळी पेटी होते.

शत्रूने पाहिलं की तीन सेकंदांनी पडद्यावर एक दिवा लागतो. दिवा लागेपर्यंत तीन सेकंद तो तुम्हाला पाहतच असतो. म्हणून दिवा दिसला की आणखी एक गोळा मारण्याचा मोह सोडायचा, आणि जायची वाट आधीच ठरवून ठेवायची. भाच्याची एक सवय मला फार आवडली: झुडूप निवडताना तो समोर काय दिसतं हे नंतर पाहतो, आधी मागे काय आहे ते पाहतो. मागे खड्डा, टेकाड किंवा दगडी भिंत असेल तरच तिथे थांबतो.

अंतरांचा अंदाज यावा म्हणून सांगतो. आमच्या तालुक्याचं गाव लोणार. तिथल्या उल्काविवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. खेळातली रणांगणं बहुधा एक किलोमीटर लांब-रुंद असतात, म्हणजे तीस गाड्यांची अख्खी लढाई लोणारच्या विवरात मावेल आणि कडेला जागा उरेल. गाड्या दिसण्याची कमाल मर्यादा ४४५ मीटर, म्हणजे विवराच्या व्यासाच्या पावही नाही. खरं युद्ध नेहमीच इतकं जवळून होत नाही, तिथे तोफा किलोमीटर-दीड किलोमीटरवरून सहज बोलतात. दुसराही एक फरक आहे. लोणारच्या काठावर उभा राहिलेला माणूस खालून आभाळावर काळ्या आकृतीसारखा उठून दिसतो, तोच काठाच्या दहा हात खाली झाडीत उतरला की हरवतो. खऱ्या रणगाडा-चालकाला टेकडीच्या माथ्यावर उभं राहू नकोस हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. खेळाच्या सर्व्हरला आभाळ आणि जमीन यांतला हा फरक कळत नाही. तो फक्त टक्के मोजतो.

चिलखताचं गणित थोडक्यात. काकडी सरळ कापली तर चकती गोल आणि छोटी होते, तिरकी कापली तर लांब होते. गोळ्यालाही तिरक्या पोलादातून तसाच लांबचा रस्ता कापावा लागतो. जर्मनांची ‘हेट्झर’ ही चौथ्या टियरची टीडी घ्या. पुढचा पत्रा ६० मिलिमीटर, पण उभ्या रेषेपासून साठ अंश मागे झुकलेला. समोरून आलेल्या गोळ्यासाठी ती जाडी दुप्पट, म्हणजे १२० मिलिमीटर होते. सोळा टनांच्या गाडीने एवढं संरक्षण नुसत्या उतारातून मिळवलं. सत्तर अंशांहून जास्त तिरकं लागलेला साधा गोळा खेळात घसरून निघून जातो. मात्र तुमची टीडी पान्झरयेगरसारखी असेल तर हे सगळं गणित शत्रूसाठी शिका, स्वतःसाठी नाही. चौदा मिलिमीटर तिरके करून दुप्पट झाले तरी पातळच राहतात. शिवाय भेदनशक्तीत दर गोळ्याला पंचवीस टक्के वर-खाली असा नशिबाचा भाग ठेवला आहे. गोळ्यावर १०० लिहिलं असेल तर तो कधी ७५ भेदेल, कधी १२५. एक गोळा उलटून आला म्हणून जागा चुकली असं समजू नये.

आता या सगळ्याचा खरा धडा पंजाबात.

१९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनने खेमकरण घेतलं आणि ती अमृतसरच्या दिशेने निघाली. तिच्याकडे अमेरिकेने दिलेले पॅटन रणगाडे होते, ९० मिलिमीटरच्या तोफांचे, त्या काळातले उत्तम. समोर आपली चौथी माउंटन डिव्हिजन होती आणि तिच्या मदतीला दुसरी स्वतंत्र चिलखती ब्रिगेड. ब्रिगेडच्या तीन रेजिमेंटांपैकी एकीकडे सेंच्युरियन होते, ते पॅटनच्या तोडीचे. दुसरीकडे एएमएक्स-१३, हलके आणि पातळ. तिसरी डेक्कन हॉर्स, तिच्याकडे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन. खेळाच्या भाषेत सांगायचं तर वरच्या टियरच्या गाड्यांपुढे बऱ्याचशा खालच्या टियरच्या गाड्या उभ्या केल्या होत्या.

डेक्कन हॉर्सचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार श्रीधर वैद्य. जन्म १९२६, गाव अलिबाग. समुद्रकाठचा हा मराठी माणूस पंजाबच्या उसात रणगाडे घेऊन उभा होता. उघड्या मैदानात शर्मनने पॅटनशी समोरासमोर दोन हात केले असते तर काय झालं असतं हे सांगायला जाणकार लागत नाही. म्हणून आपल्या सैन्याने समोरासमोर जाणं नाकारलं. असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची फळी धरली, नालेचं तोंड शत्रूकडे उघडं. रणगाडे उसाच्या उभ्या पिकात नेऊन थांबवले. शेतांत पाणी सोडलं. पॅटन आत शिरले तेव्हा त्यांच्या पट्ट्यांखाली चिखल होता, डोळ्यांपुढे ऊस होता, आणि ते आपली जाड कपाळं पुढे करून चालले असताना गोळे येत होते ते बगलेतून. रणगाड्याची बगल कपाळापेक्षा नेहमीच पातळ. शर्मनची जी तोफ समोरून कमी पडली असती, ती बाजूने, थोड्या अंतरावरून पुरेशी ठरली.

८ ते १० सप्टेंबर अशी तीन दिवसांची ही लढाई. भारतीय नोंदींनुसार पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. चिखलात रुतून चालू स्थितीत सोडून दिलेलेही त्यांत होते. भिक्खीविंडजवळ ते ओळीने मांडले तेव्हा त्या जागेचं नाव पॅटननगर पडलं. वैद्यांना महावीर चक्र मिळालं. १९७१ साली बसंतरच्या लढाईत सोळाव्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचं नेतृत्व करताना त्यांना ते दुसऱ्यांदा मिळालं, आणि १९८३ ते १९८६ ते भूदलाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर पुण्यात, १० ऑगस्ट १९८६ रोजी, अतिरेक्यांनी त्यांची हत्या केली. महाराष्ट्रातल्या मुलांना पॅटनचं नाव एखाद्या खेळातून कळतं आणि वैद्यांचं कळत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

पण असल उत्तरच्या परिसरातली खरी ‘खालच्या टियरची टीडी’ शर्मन नव्हतीच. ती होती एक जीप. चौथ्या ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांच्या जीपवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ होती. साध्या तोफेचा गोळा पुढे जातो तेव्हा तोफ तितक्याच जोराने मागे ढकलली जाते, आणि तो धक्का जिरवायला टनांनी वजन लागतं. रिकॉइललेस तोफेचं मागचं तोंड उघडं असतं. जळालेल्या दारूचा बराचसा वायू मागून झोताने बाहेर पडतो, दोन्हीकडचे जोर एकमेकांना फेडतात आणि धक्का उरत नाही. म्हणून दोनशे किलोंच्या आसपासची ही तोफ जीपवर चालते. गोळा संथ जातो, पण त्यात आकार दिलेलं स्फोटक असतं. आदळल्यावर धातूची सुईसारखी धार पोलादात घुसते, त्यामुळे गोळा किती वेगाने किंवा किती लांबून आला याने फारसा फरक पडत नाही. खेळातला ‘हीट’ गोळाही लांब गेल्याने शक्ती गमावत नाही, त्याचं कारण हेच.

या तोफेचा शाप म्हणजे तोच मागचा झोत. एक गोळा मारला की मागे धुळीचा आणि ज्वाळेचा लोट उठतो आणि आसपासच्या सगळ्यांना कळतं, जीप कुठे आहे. जीपला चिलखत नाही. अब्दुल हमीद यांनी उसाच्या आड दबा धरला, पॅटन जवळ येऊ दिले, मारले, आणि प्रत्येक वेळी जागा बदलली. १० सप्टेंबरला चीमा गावाजवळ एका पॅटनच्या गोळ्याने ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आलं. झुडपामागे खेळणाऱ्या मुलाला शत्रूने पाहिल्याचं तीन सेकंदांनी का होईना दिव्यावरून कळतं आणि गाडी फुटली की तो पुढच्या लढाईत जातो. जीपवरच्या माणसाला यातलं काहीच नव्हतं. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने खेळ थांबवला आणि ती जीप इंटरनेटवर शोधून बराच वेळ पाहत बसला.

निव्वळ टीडी ही कल्पना युद्धात फार टिकली नाही. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात टीडींचं स्वतंत्र दल उभारलं, ‘हेलकॅट’सारखी ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर धावणारी गाडी काढली, आणि १९४६ साली ते दल मोडून टाकलं, कारण रणगाड्यांनाच चांगल्या तोफा मिळाल्यावर वेगळ्या शिकारी गाडीची गरज संपली. कल्पनेचा गाभा मात्र क्षेपणास्त्रांत जिवंत आहे. आपली ‘नाग’ क्षेपणास्त्रं वाहणारी नामिका ही पट्ट्यांवर चालणारी गाडी म्हणजे आजची टीडीच: सांगाडा हलका, मारा जबर, आणि धुऱ्याआडून काम. तिच्या खरेदीचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. आणि या विषयाचं देशातलं मोठं माहेरघर आपल्याच राज्यात आहे. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगरला, तिथलंच केके रेंज हे चाचणीचं रान, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्थाही तिथेच, आणि अर्जुन रणगाड्याची १२० मिलिमीटरची तोफ घडवणारी एआरडीई पुण्यात.

आईबापांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. खेळ फुकट सुरू करता येतो, पण त्यात खऱ्या पैशांनी घ्यायच्या गाड्या आणि सोन्याची नाणी आहेत. खालच्या टियरवर त्यांची काहीही गरज पडत नाही. तिसऱ्या-चौथ्या टियरपर्यंत एक रुपया न घालता भरपूर टीडी खेळता येतात, आणि लपणं, थांबणं, कोन ओळखणं हे सगळं तिथेच शिकून होतं. पोराच्या हातात फोन देताना त्यात पैशाचा मार्ग उघडा ठेवू नका. रोज किती लढाया, हे त्याच्याशी बसून ठरवा. एक लढाई जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची असल्याने हिशेब ठेवणं अवघड नाही.

आणि जमलं तर त्याला एकदा अहिल्यानगरला न्या. चिलखती दलाने १९९४ साली उभारलेलं रणगाडा संग्रहालय तिथे आहे. शर्मन, सेंच्युरियन आणि पकडून आणलेले पॅटन उघड्यावर उभे आहेत. पॅटनच्या समोर उभं राहा, मग चालत त्याच्या बगलेला जा. असल उत्तरच्या उसातून आपल्या माणसांना तो तिथून दिसला होता.